स्टेडियम मावशीच्या गावाला गेलं

आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. मला जळायला होतं. अजूनही होतं. दिंडोरी रोडने जाताना ते निळ्या पत्र्यांचं कंपाउंड दिसलं, त्याच्यावरून डोकं काढलेली क्रेन दिसली, की मी मुद्दाम रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघते. दुसऱ्या बाजूला काय आहे? द्राक्षाच्या बागा. त्यापण त्यांच्याच!

त्यांच्याच म्हणजे माझ्या मावशीच्या गावाच्या. आणि मावशीच्या गावात माझी मावसबहीण राहते, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा उंच, आणि मुळात सगळा प्रॉब्लेम तिच्यापासून सुरू होतो.

थांबा, नीट सांगते.

नाशिकच्या नावाचा एक फुटबॉल क्लब आहे. प्रोफेशनल, पगारी खेळाडूंचा. नावात नाशिक असलं तरी मॅचेस सगळ्या पुण्याला, कारण इथे त्यांच्या लायकीचं ग्राउंडच नाही. म्हणजे आपल्या टीमची ‘घरची’ मॅच बघायला आपण संगमनेर ओलांडून जायचं. जाताना गाडीत सगळे ‘नाशिक नाशिक’ ओरडणार आणि पोचल्यावर पार्किंग कुठेय ते पुण्याच्या माणसाला विचारणार. तर या क्लबने ठरवलं की आता स्वतःचं स्टेडियम बांधायचं, नाशिकलाच. आणि जागा बघायला सुरुवात झाली.

तीन जागांची नावं फिरायला लागली. एक ओझरला, विमानतळाच्या बाजूला. दुसरी मावशीच्या गावचा माळ. आणि तिसरी, हे वाचल्यावर मी मोबाइल हातात धरून अख्ख्या ओट्यावर नाचले, तिसरी आमच्या गावचं गायरान! मखमलाबादच्या पुढे आमचं गाव. झेंडू, शेवंती, कोबी, फ्लॉवर. रोज पहाटे गावातून छोटे टेम्पो शहरात जातात आणि दसऱ्याला तुम्ही जो झेंडू भाव करून करून घेता ना, तो आमचा असतो.

पण मी नाचले ते स्टेडियमसाठी नाही. खाली एक ओळ होती. ज्या गावात स्टेडियम होईल, त्या गावातल्या मुलामुलींना क्लबच्या अकॅडमीत पहिला प्रवेश. बाकीच्यांनी स्टेडियम पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मी गोलकीपर आहे. शाळेत असल्यापासून आहे. मला कोच मिळाला नाही कधी, जे काय शिकले ते मोबाइलवर बघून आणि गायरानात पडून. त्यामुळे ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की मम्मी म्हणाली, ‘काय परीक्षेला आहे का ते?’

मग माझ्या लक्षात आलं की तीच ओळ दिंडोरीकडेपण कुणीतरी वाचत बसलं असणार.

आता मावसबहिणीचं सांगते. तिला फुटबॉल मी शिकवला. हे मी कुठेही, कुणासमोरही सांगायला तयार आहे. प्रत्येक सुट्टीत ती आमच्याकडे यायची. मला गोलवर बॉल मारणारं कुणीतरी हवं होतं, कारण कीपरला एकटीला काय करता येतं? भिंतीवर मारून मारून भिंतीचा रंग गेला होता. म्हणून तिला मी धरून उभं केलं आणि म्हटलं, मार. पहिल्या दिवशी तिने बॉल सोडून माझ्या नडगीवर लाथ मारली. दोन सुट्ट्यांनंतर तिचा बॉल मला दिसेनासा झाला. कॉलेजला गेल्यावर ती जिल्ह्याच्या टीममध्ये गेली. मी पण गेले, राखीव म्हणून. बेंचवर बसून मी तिच्या गोलला टाळ्या वाजवल्यात. हात दुखेपर्यंत वाजवल्या, कुणाला कळू नये म्हणून.

आणि त्यांचं सगळंच तसं आहे. त्यांच्याकडे वायनरी आहेत, तिथे मुंबईचे लोक टोप्या घालून येतात आणि द्राक्षाच्या घडाबरोबर फोटो काढतात. आमच्या कोबीबरोबर आजपर्यंत कुणी फोटो काढलेला नाही.

ती मला ‘कीपर’ म्हणते, मी तिला ‘स्ट्रायकर’. ती बातमी आल्यावर तिचा लगेच फोन.

‘ए कीपर, वाचलं का? तुमचं की आमचं?’

‘ओझरचं होईल गं,’ मी म्हटलं. ‘विमानतळ आहे तिथे. खेळाडू उतरले की चालत जातील.’

‘हो ना,’ ती म्हणाली. दोघींना एकमेकींचा आवाज अगदी खोटा ऐकू येत होता.

आणि ओझर खरंच गळलं! विमानं उतरतात तिथे एवढ्या उंच खांबांवर एवढे मोठे दिवे चालत नाहीत म्हणे. उरलो आम्ही दोघी. म्हणजे दोन गावं. पण मला तर दोघीच वाटत होतो.

क्लबची माणसं आधी त्यांच्याकडे गेली. मी सकाळीच मावशीकडे हजर. मावशीला सांगितलं, तुझी आठवण आली. मावशी एवढी खूश झाली की तिने लगेच शेवभाजीची तयारी काढली.

क्लबकडून दोघं आले होते. एक इंजिनिअर साहेब, गॉगल, पायात जाड बूट. आणि अकॅडमीच्या कोच मॅडम, ट्रॅकसूट, केस एकदम बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. त्यांना बघून मी सरळच उभी राहिले. तिकडे मावसबहीणपण सरळ उभी राहिली. ती सरळ उभी राहिली की अजून उंच दिसते, ते वेगळं.

माळ दाखवायला काका पुढे होते, म्हणजे मावशीचे मिस्टर. बाग सांभाळणारा माणूस, खोटं बोलता येत नाही बिचाऱ्यांना. साहेबांनी विचारलं, ‘जमीन कशी आहे?’

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. ‘साहेब, खरं सांगू का? ह्या माळाला काय अर्थ नाय. कुदळ मारली का टणकन वाजते. नुसता मुरूम, अन् त्याच्याखाली खडक. आम्ही बाग लावायला बघितली होती एकदा, खड्डेच होईनात.’

‘पप्पा!’ मावसबहिणीने मागून त्यांचा शर्ट ओढला. ‘चांगलं सांगा ना काहीतरी.’

‘अगं, दिसतंयच की त्यांना, काय सांगू?’

‘पावसाळ्यात पाणी थांबतं का इथे?’ साहेबांचा पुढचा प्रश्न.

‘पाणी? पाणी थांबायला त्याची सासुरवाडी हाय का इथं? पडलं का पळालं! दोन बोअर मारल्या गावानं. दोन्ही कोरड्या. कुसळाशिवाय काय उगवत नाय, साहेब.’

साहेबांनी वाकून एक दगड उचलला, दुसऱ्या दगडावर आपटला, आवाज ऐकला आणि खिशात टाकला. मला वाटलं, किती वाईट जमीन असते हे ऑफिसात दाखवायला नेतायत!

मी इतकी खूश झाले की हसू लपवायला मला तोंडावर हात ठेवावा लागला. मावसबहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘घालवलं,’ ती म्हणाली. ‘आमच्याच पप्पांनी घालवलं.’

मी तिच्या खांद्यावर हात टाकला. ‘असू दे गं. अजून काय ठरलंय का?’ आणि मग आत जाऊन मी मावशीची शेवभाजी दोनदा मागून घेतली. इतकी चविष्ट शेवभाजी मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

घरी आल्या आल्या पप्पांना सगळं सांगितलं, काकांचा आवाज काढून, टोपी काढून-घालून. पप्पा हसले आणि मग गंभीर झाले. ‘भोळा हाय तो. जमीन दाखवायची म्हटल्यावर गुण सांगायचे असतात. आपण असं करायचं नाय.’

आमच्या गावाने काय केलं, ते ऐका.

आमच्याकडे पाहुणे यायचे असले की अंगणात सडा पडतो. रोजच पडतो, पण पाहुण्यांसाठी जरा जास्त. धूळ बसते, मातीचा वास सुटतो, येणाऱ्याला बरं वाटतं. आता पाहुणे गायरानात येणार म्हटल्यावर सडा कुठे पडणार? गायरानात! बादलीने तर होणार नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे फवारणीचा ब्लोअर लावला, त्याच्यात औषधाऐवजी साधं पाणी, आणि आमच्या गावच्या सगळ्या ट्रॅक्टरांनी आदल्या दिवशी गायरानात फेऱ्या मारल्या. लोक नंबर लावून पाणी मारत होते. कुणाला वाटायला नको ना, की आपल्या ट्रॅक्टरचं पाणी राहिलं!

आणि पप्पांची आयडिया वेगळीच. आमच्याकडे कुणी शेत घ्यायला आलं की आधी खड्डा करून दाखवतात, माती किती खोल आहे, पाणी किती वर आहे ते कळावं म्हणून. तर पप्पांनी शेजारच्या काकांना घेऊन गायरानात मधोमध एक खड्डा खणला. कमरेएवढाच खणला असेल. वर धरणाचा डावा कालवा आहे, त्याचा पाझर आमच्या गायरानाला बारमाही. खड्ड्यात खालून पाणी यायला लागलं. पप्पा काठावर उभे राहून त्या पाण्याकडे असे बघत होते, जसं काही त्यांनीच ते पाणी जन्माला घातलं.

‘बस!’ म्हणाले. ‘हे बघितल्यावर त्यांना दुसरीकडे जायची गरजच नाय.’

ते खरं झालं नाही, हे तुम्हाला कळलंच असेल.

साहेब आणि मॅडम आले. गायरानाच्या तोंडाशी झेंडूचं तोरण, रांगोळी, दोघांच्या गळ्यात शेवंतीचे हार, एवढे जाड की मॅडमना शिट्टी सापडेना. मी ग्लोव्ह्ज घालूनच उभी होते, सकाळपासून, म्हणजे विचारलंच तर तयार.

पप्पांनी वाकून मूठभर माती उचलली आणि दाबली. ‘हे बघा, साहेब. लाडू! मूठ उघडली तरी मोडत नाय. अशी माती बघितली का कुठं?’

‘किती खोलपर्यंत काळी आहे?’ साहेब.

‘दोन माणसं एकावर एक उभी करा, तरी काळीच!’

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं, बघा, बोलतीच बंद झाली.

‘आणि पाणी?’

हा प्रश्न यायचीच सगळे वाट बघत होते. पप्पांनी त्यांना हाताला धरून खड्ड्यापाशी नेलं. रात्रभरात खड्डा काठोकाठ भरला होता. त्यात आकाश दिसत होतं, तोरण दिसत होतं, साहेबांचा गॉगल दिसत होता.

‘उन्हाळ्यात?’ साहेबांनी विचारलं.

‘उन्हाळ्यात बी आटत नाय!’

‘म्हणजे बारा महिने?’

‘बारा महिने!’ अख्खं गाव एका आवाजात ओरडलं. मी पण ओरडले. ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा आवाज होत नाही, पण वाजवल्या. काकांची कोरडी बोअर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला एवढं बरं वाटत होतं की काय सांगू.

मग निघायच्या वेळी त्यांची गाडी फसली. आधीच पाझर, वर आमचा सडा. मागचं चाक अर्धं आत गेलं. ड्रायव्हरने जोर दिला तसं चिखलाचं कारंजं उडून मॅडमच्या ट्रॅकसूटवर. कुणीतरी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, गाडी ओढायला लागलो आणि तेवढ्यात शेजारचे काका मोठ्या अभिमानाने म्हणतात, ‘बघा साहेब, जमीन कशी धरून ठेवते माणसाला!’

साहेब पहिल्यांदाच हसले. मी ते हसू आमच्या बाजूचं धरलं.

पुढचे दिवस मी स्टेडियममध्येच राहत होते. गोलपोस्ट कुठे येईल, प्रेक्षक कुठे बसतील, आमचं घर कुठल्या स्टँडच्या मागे येईल. कोबीच्या शेतात उभं राहून मी एकटीच डावीकडे-उजवीकडे उड्या मारायचे आणि मम्मी बांधावरून ओरडायची, ‘गड्डे मोडतील, बाई!’ मावसबहिणीला मी अगदी प्रेमाने मेसेज केला की स्टेडियम आमच्याकडे झालं तरी तू मॅच बघायला ये, आपल्याकडेच जेव. हो, जेव म्हणून लिहिलं होतं. तिने हात जोडलेला इमोजी पाठवला.

मग एका दुपारी तिचाच फोन आला. मी शेवंतीच्या टोपल्या भरत होते. ती फोनवर नुसती ओरडत होती, शब्दच नाही. मला वाटलं, कुणाला तरी काहीतरी झालं. ‘अगं काय? अगं बोल!’

‘आमचं! कीपर, आमचं झालं! आमच्या माळावर!’

मी म्हटलं, ‘अरे वा.’ एवढंच. टोपली भरत राहिले. नंतर कळलं की फुलं टोपलीच्या बाहेरच पडत होती.

त्या संध्याकाळी काकांचा पप्पांना फोन. स्पीकरवर. काकांनाच धक्का बसला होता. ‘अहो, मी तर सगळं वाईटच सांगितलं! माझी पोरगी माझ्याशी बोलत नव्हती महिनाभर.’

पप्पांनी स्पीकरचा आवाज कमी केला.

‘साहेब म्हणले, खडक पाहिजे म्हणे खाली. एवढाले खांब उभे राहायचे तर खडकच पाहिजे. अन् पाणी निचरून गेलं पाहिजे. तुमच्याकडं काय, काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्याच्यावर एवढा बोजा...’

‘कळलं, कळलं,’ पप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते उठून आमच्या पुढच्या खोलीतल्या कॅलेंडरपाशी गेले आणि कॅलेंडर जरा बाजूला केलं. मागे तडा. छतापासून खालपर्यंत. आमच्या गावात प्रत्येक घराच्या भिंतीला तडा आहे, आणि प्रत्येक तड्यावर कॅलेंडर नाहीतर फोटो आहे. दर उन्हाळ्यात आम्ही तडा भरतो, दर पावसाळ्यात तो परत उघडतो. आमची माती अशी आहे हे अख्ख्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण ती वाईट म्हणून कुणालाच माहीत नव्हती! जी माती झेंडूला चांगली, ती चांगली, विषय संपला. पाणी वर आहे, यापेक्षा जमिनीचं मोठं कौतुक काय असतं, तुम्हीच सांगा?

‘खड्डा नव्हता करायला पाहिजे,’ पप्पा म्हणाले.

‘सडा नव्हता मारायला पाहिजे,’ मम्मी.

मला स्टेडियमचं काही वाटत नव्हतं. ती अकॅडमीत जाणार आणि मी नाही, एवढंच मला दिसत होतं. तेही काकांनी जमिनीला नावं ठेवली म्हणून!

आणि ती गेलीच. स्टेडियम होईपर्यंत अकॅडमी शहरात एका टर्फवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या गवतावर, सुरू झाली. तिला पांढरी जर्सी मिळाली, छातीवर क्लबचा बिल्ला. बॅग, पाण्याची बाटली, सगळ्यावर बिल्ला. पहिल्या दिवसाचा फोटो तिने टाकला, कोच मॅडमचा हात तिच्या खांद्यावर. मी त्या फोटोला लाइक केलं आणि मग तिचं अकाउंट म्यूट केलं. मग रोज मुद्दाम तिच्या अकाउंटवर जाऊन बघत होते. म्यूट करून काय उपयोग झाला, मलाच माहीत नाही.

मम्मी म्हणायची, ‘अगं फोन कर तिला. बहीण आहे.’

‘केलाय,’ मी म्हणायचे. नव्हता केला.

दिवाळीनंतर एका रविवारी गायरानाच्या तोंडाशी स्कूटी थांबली. ती. पांढऱ्या जर्सीत. हातात बॉल. मी तेव्हा आमच्या दोन बांबूंच्या गोलमध्ये एकटीच उभी होते. बांबू म्हणजे शेवंतीला आधार देतो तेच, जरा जाड बघून रोवलेले.

‘काय गं, इकडे कुठे?’ मी विचारलं. ‘तुझ्याकडे तर स्टेडियम आहे.’

‘आहे की. आतमध्ये जाऊन दाखव! पत्रे लावलेत सगळीकडे. वॉचमन मला ओळखतो, तरी आत सोडत नाही. आणि टर्फ फक्त मधल्या वारी. रविवारी कुठे मारू बॉल, पप्पांच्या बागेत?’

‘मग मार इथे.’

तिने मारला. मी अडवला. परत मारला, परत अडवला. त्या दिवशी माझ्या अंगात काय शिरलं होतं माहीत नाही, नाही, माहीत आहे. ती मारायच्या आधी जीभ बाहेर काढते आणि ज्या बाजूला मारायचं त्याच्या उलट बघते. हे तिच्या कोच मॅडमना माहीत नसेल, मला माहीत आहे, कारण तिला मी शिकवलंय! मी डावीकडे पडत होते, उजवीकडे पडत होते, पूर्ण आडवी, चिखलातून उठून परत. शेवटी ती चिडून पळत आली, बॉलसकट माझ्यावर आपटली, आणि आम्ही दोघी आडव्या.

ती उठेचना. मला वाटलं, लागलं. बघते तर हसतेय.

‘ए, इथे पडलं तर लागतच नाही गं!’

‘मग?’

‘मग काय, हे बघ.’ तिने पँट वर करून गुडघे दाखवले. टर्फवर घासून घासून सोललेले, एक खपली सुकली की तिच्यावर दुसरी. ‘आमच्या कीपरचे कोपर बघ तू. ती डाइव्हच मारत नाही आता, भीतीने. मॅडम ओरडतात तिला.’ आणि मग गवतावर हात फिरवत म्हणाली, ‘तुझं बरंय बाई. घरामागेच असं ग्राउंड. म्हणूनच तू एवढी पडू शकतेस.’

हे ती खरंच म्हणाली. तिच्या आवाजात ते होतं, मला ओळखू येतं, माझ्याच आवाजात इतके दिवस होतं. ते वाक्य मी घरी जाऊन मम्मीला सांगितलं, पप्पांना सांगितलं, आणि म्हशीला पाणी पाजताना एकदा नुसतंच म्हणून बघितलं.

जाताना ती म्हणाली, ‘कीपर, पुढच्या रविवारी बाकीच्या मुलींना आणू का इथे? मॅडमपण येतील. त्यांना रविवारसाठी जागा पाहिजेच आहे.’

मॅडम! पण मी म्हटलं काय, तर, ‘पप्पांना विचारून सांगते.’

गायरान गावाचं आहे. पप्पांना विचारायची काहीच गरज नाही. तिलाही ते माहीत आहे. ती वर बघून म्हणाली, ‘बरं, विचार.’ आणि मी तिला दोन दिवस थांबवलं. मला ते दोन दिवस फार आवडले.

रविवारी सकाळी पप्पा ट्रॅक्टर काढत होते. मी पळत गेले. ‘कुठे चाललात?’

‘धूळ हाय गं वरच्या बाजूला. पोरी येणार, मॅडम येणार. थोडं पाणी...’

‘नाही!!’ मी आणि मम्मी एकदमच ओरडलो. पप्पांनी किल्ली खिशात ठेवली.

मुली आल्या, मागून मॅडम. गाडी त्यांनी लांब, डांबरी रस्त्यावरच लावली. चालत आल्या, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, ‘हे ते गाडी फसलेलं गाव ना?’

‘हो, मॅडम.’

‘आणि तू ग्लोव्ह्ज घालून टाळ्या वाजवणारी?’

मला वाटलं, आता या मातीने मला आत घेतलं तर बरं. पण त्या म्हणाल्या, ‘उभी राहा.’ मी उभी राहिले. मुलींनी मारायला सुरुवात केली. सगळे काही अडवले नाहीत, मावसबहिणीचाच एक गेला, उजव्या पायाने मारला तिने, तो पाय तिला मी शिकवला नव्हता. पण मी प्रत्येक बॉलवर पडले. न घाबरता, पूर्ण अंग टाकून. मॅडम शिट्टी तोंडात धरून नुसत्या बघत होत्या. मग त्यांच्या कीपरला म्हणाल्या, ‘बघ, असं पडायचं.’

शेवटी मला बाजूला घेतलं. ‘बुधवारपासून टर्फवर ये. नियमाने प्रवेश नाही देता येणार, तो स्टेडियम झाल्यावर. आत्ता सरावाला कीपर म्हणून. चालेल?’

चालेल म्हणजे काय! मी मान इतकी हलवली की केसांतून चिखल उडाला. आणि मग, जे विचारायला नको होतं ते विचारलंच. ‘मॅडम, जर्सी?’

‘जर्सी त्या गावच्या मुलींना. तू तुझा टी-शर्ट घालून ये.’

म्हणजे मी येणार, पडणार, अडवणार, आणि बिल्ला तिच्या छातीवर. ठीक आहे. ठीक नाही, पण जाते मी. दर बुधवारी जाते.

त्या रविवारी सगळ्या गेल्यावर मावसबहीण आमच्या नळावर थांबली. तिची पांढरी जर्सी पुढून पूर्ण काळी, बिल्ल्यावर तर माझ्या ग्लोव्ह्जचा पंजाच उमटलेला. ‘ए कीपर,’ ती जर्सी चोळत म्हणाली, ‘निघेल ना गं हे?’

आमच्या मातीचा डाग ओला असताना चोळला की कापडात आणखी आत जातो. आधी पूर्ण वाळू द्यायचा, झटकायचा, मगच पाणी लावायचं. आमच्या गावात शाळेच्या पोरांनापण हे माहीत असतं.

‘निघेल की,’ मी म्हटलं. ‘अजून जोरात चोळ.’